नगर वसवण्याआधी पाणी पाहावे

‘सिव्हिलायझेशन 6’ या व्यूहात्मक खेळात नगर गोड्या पाण्यालगत वसवल्यास त्याला निवासक्षमतेचे, म्हणजे लोकसंख्या सामावण्याच्या मर्यादेचे, 5 अंक मिळतात, समुद्रकाठी 3 आणि पाण्यापासून दूर केवळ 2. म्हणून पहिले नगर वसवण्याआधी प्रदेश पारखणे अनिवार्य ठरते.

18व्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्र’ या मराठ्यांच्या राजनीतिग्रंथात हा विचार कितीतरी खोलवर गेलेला आहे.

गडावर आधी पाणी पाहावे आणि एकाच झऱ्यावर विसंबू नये, कारण तोफांच्या हादऱ्यांनी झरे आटतात, असे तेथे बजावले आहे. आरमारासाठी परवानगीने सागवान तोडता येई, पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात.

शहापूर तालुक्यातील सापगावाला प्रदेश पारखण्याची हीच कसोटी लावल्यास भातसा नदीचा काठ, काळा पाषाण आणि माहुली गडाकडचे सागाचे रान अशी नोंद होईल. मात्र भातसा धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. हद्दीतले पाणी हाताशी असेलच असे नाही, हा भेद खेळात फारसा दिसत नाही, ही त्याची मोठी उणीव आहे.

नकाशा उघडल्यावर प्रथम काय तपासले जाते, हे खेळाडूंनी जरूर कळवावे.