वायू पिणारं वंगण

हायड्रोजनच्या गाडीत वायू भरायचा तर तो 700 बारपर्यंत दाबावा लागतो. तेलाचं वंगण असलेला नेहमीचा कॉम्प्रेसर वापरला, तर तेलाचा अंश वायूत उतरतो आणि गाडीतल्या फ्युएल सेलला बाधतो. मूळच्या जर्मन असलेल्या लिंडे कंपनीने पिस्टनच द्रवाचा केला. सिलिंडरमध्ये वर-खाली होतं ते ‘आयनिक लिक्विड’, म्हणजे साध्या तापमानालाही पातळ राहणारं मीठ. त्याची वाफ जवळजवळ होत नाही आणि हायड्रोजन त्यात फारसा विरघळत नाही, म्हणून हा डाव जमला.

जेवणातलं मीठ 801 अंशांना वितळतं. आयनिक द्रवांतले आयन थोराड आणि वेडेवाकडे असल्याने स्फटिकात नीट रचलेच जात नाहीत. 12 अंशांना वितळणाऱ्या अशा मिठाची नोंद पॉल वाल्डेन यांनी 1914 मध्येच केली होती. वंगण म्हणून या द्रवांची कदर झाली ती 2001 नंतर. निर्वात पोकळीतल्या बेअरिंगला न उडणारं वंगण हवंच असतं.

पण न उडणारं म्हणजे न बदलणारं नव्हे. हे द्रव स्वतःची वाफ फारशी सोडत नाहीत, काही वायू घेतात मात्र भरपूर. 1999 मध्ये जोन ब्रेनेके आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की 80 बार दाबाखाली अशा एका द्रवात दर शंभर कणांमागे साठच्या आसपास कार्बन डायऑक्साइडचे असू शकतात, आणि तरी तो फारसा फुगत नाही. आयनांच्या मध्ये वायू शिरला की त्यांची एकमेकांवरची पकड सैल होते, द्रव पातळ होतो, धातूंमधला वंगणाचा थर विरळ होतो. गंमत म्हणजे, द्रवाच्या रेणूत अमाइनचा गट जोडला असेल तर हाच वायू नुसता विरघळत नाही, रासायनिक बंध करतो. मग द्रव जेलीसारखा घट्ट होऊ शकतो. दाब उतरला की विरघळलेला वायू सोड्याच्या बाटलीसारखा बुडबुड्यांनी बाहेर येतो, आणि बुडबुड्यांवर भार पेलला जात नाही.

माझ्या मते खरा उपद्रवी मात्र हवेतली वाफ. तिला ना दाब लागतो, ना सिलिंडर. भांडं उघडं राहिलं तरी पुरे. थोड्याशा पाण्यानेही द्रवाचा घट्टपणा बराच उतरतो. सुरुवातीच्या संशोधनात लाडके असलेले टेट्राफ्लुओरोबोरेट आणि हेक्साफ्लुओरोफॉस्फेट हे आयन पाण्याशी विघटन पावून हायड्रोजन फ्लोराइड सोडतात आणि पोलाद खातात. म्हणून फ्लोरिन नसलेल्या, फॉस्फेटसारख्या आयनांकडे संशोधक वळले. प्रयोगशाळेत हे द्रव निर्वातात तापवून, कोरडे करून मोजतात. यंत्रात पडलेला द्रव तसा राहत नाही. त्याचा घट्टपणा त्या वेळच्या दमटपणासह आणि दाबासह मोजलेला नसेल, तर त्या आकड्यावर बेअरिंगची निवड करू नये.