अठरानंतरच्या आयुष्याची तयारी: निराधार मुली आणि संगणक

बाल न्याय अधिनियम 2015 नुसार बालगृहातला मुक्काम साधारणपणे 18 व्या वर्षी संपतो. पुढे 21 व्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृहानंतरच्या आधाराची, सोय मिळू शकते. म्हणून नाशिकसारख्या शहरातील निराधार मुलींना संगणक लवकर हाताळता येणे महत्त्वाचे ठरते. माऊस चालवणे, फाइल जतन करणे इथपासून सुरुवात होते. मग मराठी टंकलेखन: इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘डी’ची कळ दाबली की अक्षराचा पाय मोडतो आणि जोडाक्षर जुळते. लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांची गती लागते. 2001 पासूनचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रमही संगणक अर्हता म्हणून ग्राह्य धरला जातो. अनाथ प्रमाणपत्र असल्यास राज्यात 2018 पासून शिक्षण-नोकरीत 1 टक्का आरक्षण मिळते. कमावता-कमावता पदवी घेण्यासाठी नाशिकचेच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे.