परसबागेत हात घालण्यापूर्वी

फाल्गुन सरत आला की धरणगावात कडुनिंबाची पानगळ जोरात सुरू होते. सकाळी झाडलेले अंगण दुपारपर्यंत पुन्हा पिवळे होते. थंडी गेलेली असते, वैशाखाचा जाळ अजून लांब असतो. त्यामुळे परसातल्या साचलेल्या कामांना याच तीन-चार आठवड्यांत मुहूर्त लागतो. कुंड्यांची माती बदलणे, झाडांना आळी करून शेणखत घालणे, मोगऱ्याची राहिलेली छाटणी, शेवग्याच्या शेंगा उतरवणे आणि वर्षभर कोपऱ्यात पडलेल्या विटा हलवणे, ही सगळी कामे एकदम निघतात.

बागकाम प्रकृतीला चांगले. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या, बसून काम करणाऱ्या माणसांनी सकाळी अर्धा तास खुरपे हातात घ्यावे, असे मी नेहमी सांगतो. पण याच दिवसांत दवाखान्यात विंचूदंशाचे रुग्ण वाढू लागतात. विचारले तर उत्तर बहुधा ठरलेले असते. ‘कुंडी उचलली आणि खालून काहीतरी डसले.’ म्हणून आज त्याविषयी सविस्तर लिहितो.

कुंडीखाली काय सापडते?

बागेतली जुनी कुंडी उचलणे हा मुलांच्या मोठ्या कौतुकाचा विषय. खाली गांडुळे असतात, गोगलगाय असते, कधी सरड्याची पांढरी अंडी सापडतात. शेणखताच्या ढिगात इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली, पांढरी, जाड हुमणीची अळी निघते. ती झाडांची मुळे खाते. माणसाला तिच्यापासून काही अपाय नाही. मुलांना हे सारे जरूर दाखवावे. मात्र त्याच ओलसर, अंधाऱ्या जागी विंचूही राहतो.

थंडीत विंचू सुस्त असतो. उष्मा वाढू लागला की तो झुरळे आणि रातकिडे शोधत रात्री बाहेर पडतो आणि दिवसा दडून बसतो. विटांचा ढीग, जुनी कौले, पालापाचोळा आणि शेतातून सरपणासाठी आणून रचलेल्या कपाशीच्या काड्या या त्याच्या आवडत्या जागा. विंचवाची मादी पिले खरोखरच पाठीवर घेऊन हिंडते. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण कोणा चांगल्या निरीक्षकाने केली असावी.

मोठा काळा की लहान लाल?

आपल्याकडे मोठ्या काळ्या विंचवाची धास्ती फार. त्याचे पुढचे चिमटे जाड असतात आणि तो डसला की आग होते, पण त्याचे विष तुलनेने सौम्य असते. खरा घातक तो लाल विंचू. तो दोन-तीन इंच लांब आणि तांबूस किंवा तपकिरी असतो. त्याचे चिमटे बारीक असतात. ‘लहानसा होता, काही होणार नाही’ हा समज म्हणूनच धोक्याचा आहे.

लाल विंचवाच्या विषामुळे शरीरात ॲड्रिनॅलिनसारखी द्रव्ये एकदम मोठ्या प्रमाणात सुटतात. रक्तवाहिन्या आकसतात. पाण्याच्या नळीवर पाय दिल्यावर मागे दाब वाढतो, तशी हृदयाची स्थिती होते. पुढे हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. यात एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. विष अंगभर भिनलेल्या रुग्णाला दंशाच्या जागी वेदना बेताचीच असू शकते. फार दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

महाडहून आलेले औषध

एके काळी अशा गंभीर रुग्णांपुढे डॉक्टरही हतबल असत. कोकणात महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांजवळ तासन्‌तास बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. ते मूळचे मराठवाड्यातल्या जालना जिल्ह्यातले. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसीन हे औषध आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, म्हणजे नळीवरचा पाय काढते. ते या रुग्णांना उपयोगी पडते, हे त्यांनी दाखवून दिले. १९८६ साली ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकात ही माहिती प्रसिद्ध झाली. पुढे प्राझोसीनच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, असा त्यांचा अभ्यास २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका ग्रामीण डॉक्टरच्या चिकाटीमुळे आज ही साधी, स्वस्त गोळी असंख्य घरांच्या उपयोगी पडते आहे.

ती गोळी घरी आणून ठेवावी असा मात्र याचा अर्थ नाही. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाला झोपवूनच द्यावी लागते.

विंचू डसल्यास

रुग्णाला शांत बसवावे. दंशाची जागा धुऊन त्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवावा. जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. चुना किंवा रॉकेल लावू नये. विंचू उतरवून घेण्यात वेळ घालवू नये. काळ्या विंचवाची वेदना काही तासांनी आपोआप कमी होते, आणि श्रेय मंत्राला मिळते. लाल विंचवाच्या बाबतीत तेच तास हातचे जातात.

दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे, छातीत धडधड, खोकला किंवा धाप यांपैकी एकही लक्षण दिसल्यास ताबडतोब ग्रामीण रुग्णालय गाठावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लहान मुलाला विंचू डसल्यास लक्षणांची वाटच पाहू नये. त्याला तडक रुग्णालयात न्यावे आणि डॉक्टर सांगतील तितका वेळ तिथेच ठेवावे.

सर्पदंशातही नियम तेच. डसलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा स्थिर ठेवावा, रुग्णाला चालवू नये आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे. साप मारण्यात किंवा पकडण्यात वेळ दवडू नये.

आणखी तीन गोष्टी

पहिली धनुर्वाताची. त्याचे जंतू मातीत आणि शेणखतात असतात. गुलाबाचा काटा किंवा गंजका खिळा लागला तर जखम साबण-पाण्याने धुवावी. तिच्यावर हळद, माती काही न भरता डॉक्टरांकडे जावे. धनुर्वाताची लस मोठ्यांनीही दर दहा वर्षांनी घ्यायची असते, याचा अनेकांना विसर पडतो.

दुसरी फवारणीची. कपाशीसाठी आणलेले उरलेसुरले कीटकनाशक घरच्या वांग्या-मिरचीवर मारण्याची सवय आपल्या भागात आहे. ती सोडावी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते तर उघड्या शेतात काम करीत होते. घरच्या मावा-तुडतुड्यांना निंबोळी अर्क पुरेसा आहे. विषारी औषध पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये.

तिसरी मुलांची. कुंपणाच्या चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात, पण खाल्ल्यास उलट्या-जुलाब सुरू होतात. पिवळ्या कण्हेरीची बिट्टी तर हृदयाचे ठोके मंदावते. कोणती फळे तोंडात घालायची नाहीत, हे मुलांना झाड दाखवून शिकवावे.

एवढे करावे

विटा, कुंडी किंवा काड्यांचा भारा हलवताना आधी काठीने किंवा खुरप्याने सरकवावा. हात नंतर घालावा. पायांत बूट आणि हातांत जाड मोजे असावेत. बाहेर ठेवलेली चप्पल झटकून घालावी. काड्यांची रास भिंतीपासून दूर रचावी. काम सकाळी दहाच्या आत आटोपावे.

नोटा तपासायचा निळसर दिवा हाताशी असेल तर रात्री अंगणात एकदा फिरवून पाहावा. त्या प्रकाशात विंचू हिरवट चमकतो आणि लांबूनच दिसतो. आखाजीला मुले-मुली झोके घेण्यासाठी अंगणात उतरण्याआधी हा शोध प्रत्येक घराने एकदा घ्यावा.