खरूची आणि ससाणाकुल : एक वर्गीकरणात्मक विवेचन

प्रस्तावना :

हिवाळ्याच्या दिवसांत महाराष्ट्रातील माळरानांवर, आकाशात एकाच जागी पंख फडफडवीत स्थिरावलेला लहानसा शिकारी पक्षी अनेकांनी पाहिलेला असतो. मराठीत त्यास 'खरूची', तर इंग्रजीत 'केस्ट्रेल' म्हणतात. फाल्को टिननक्युलस हे त्याचे शास्त्रीय नाव लिनियसने १७५८ मध्ये दिले. घार, शिक्रा आणि गरुड यांच्याच गोतावळ्यात आपण खरूचीला सहज बसवितो. हे नाते शास्त्राच्या कसोटीवर कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ससाणाकुलाची लक्षणे :

खरूची फाल्कोनिडी म्हणजे ससाणाकुलातील आहे. या कुलात साठहून अधिक जाती असून त्यांपैकी सुमारे ४० जाती फाल्को या एकाच प्रजातीत मोडतात. बहिरी ससाणा, तुरुमती, अमूर ससाणा आणि खरूची ही तिची परिचित उदाहरणे होत. दक्षिण व मध्य अमेरिकेतील काराकारा व वनससाणे हेही याच कुलाचे सदस्य आहेत.

फाल्को प्रजातीतील पक्ष्यांच्या वरच्या चोचीच्या कडेवर दातासारखा उंचवटा असतो. शिक्रा व गरुड भक्ष्याला मुख्यतः नख्यांनी ठार करतात. ससाणे मात्र भक्ष्य पायांत धरून चोचीने त्याची मान मोडतात. शिवाय हे पक्षी स्वतः घरटे बांधीत नाहीत. कड्यातील कपार, जुन्या इमारतीतील कोनाडा किंवा कावळ्याचे सोडलेले घरटे यांवर त्यांचे भागते.

साम्य म्हणजे नाते नव्हे :

वाऱ्याकडे तोंड करून, वाऱ्याच्या वेगाइतक्याच वेगाने पुढे उडत राहिल्यामुळे खरूची जमिनीच्या संदर्भात स्थिर राहते. धड व पंख हलत असले तरी डोके जवळजवळ अचल असते; त्यामुळे गवतातील उंदीर, सरडा वा नाकतोडा तिच्या नजरेतून सुटत नाही. परंतु आपल्या माळांवरील कापशी घारही अशीच तरंगते, आणि ती ससाणाकुलातील नाही. समान गरजेतून समान सवय निर्माण होते. तिच्यावरून रक्ताचे नाते ठरविता येत नाही.

हाच धडा पुढे रेणवीय संशोधनाने अधिक ठळक केला. पूर्वी ससाणे व गरुड यांना फाल्कोनिफॉर्मीस या एकाच गणात ठेवीत. २००८ मध्ये हॅकेट व सहकाऱ्यांनी १६९ जातींच्या जनुकीय माहितीचा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यातून ससाण्यांचे निकटचे आप्त गरुड नसून पोपट व चिमण्यांसारखे पक्षी असल्याचे दिसून आले. २०१४ मध्ये ४८ जातींच्या संपूर्ण जनुकसंचांच्या अभ्यासानेही याच मतास पुष्टी दिली.

'खरूची' हे नावही एकाच वंशशाखेचे द्योतक नाही. अमेरिकन खरूचीला तेथे दीर्घकाळ 'स्पॅरो हॉक' म्हणत. पुढे तिला केस्ट्रेल हे नाव रूढ झाले. रेणवीय अभ्यासांनुसार मात्र ती जुन्या जगातील खरूच्यांच्या शाखेत बसत नाही. तिचा लहान आकार व तांबूस रंग ही साम्ये फसवी ठरली.

मॉरिशसची खरूची :

याउलट, मॉरिशस बेटावरील खरूची दिसावयास वेगळी, पण वंशाने खरूचीच आहे. जंगलात राहून पालींची शिकार करणाऱ्या या जातीचे पंख आखूड व गोलसर, शिक्र्याच्या पंखांची आठवण करून देणारे आहेत. जंगलतोड, डीडीटीचा वापर आणि बाहेरून आणलेले भक्षक प्राणी यांमुळे १९७४ मध्ये निसर्गात तिचे केवळ ४ पक्षी ज्ञात होते. पुढे कार्ल जोन्स व सहकाऱ्यांनी बंदिस्त प्रजनन, पूरक अन्न आणि कृत्रिम घरटी यांच्या साहाय्याने तिची संख्या काही शतांपर्यंत वाढविली. तरीही हा धोका संपलेला नाही. २०१४ मध्ये तिची नोंद पुन्हा 'संकटग्रस्त' गटात करावी लागली.

येथेच वर्गीकरणाचे व्यावहारिक मोल स्पष्ट होते. ही मॉरिशसखेरीज कोठेही न आढळणारी स्वतंत्र जात आहे. 'खरूच्या जगात पुष्कळ आहेत' असे मानून तिच्याकडे दुर्लक्ष झाले असते, तर ती कायमची नष्ट झाली असती.

समारोप :

खरूचीचे स्थान फाल्कोनिडी कुलातील फाल्को प्रजातीत निश्चित आहे; बदलले आहे ते त्या कुलाचे पक्षिवृक्षावरील स्थान. अध्यापकाने फळ्यावर गरुड आणि ससाणा यांना एकाच फांदीवर बसविण्याची जुनी सवय आता सोडावयास हवी. आपल्याकडे माळरानांना 'पडीक' म्हटले जाते, आणि उंदीरनाशक विष खाल्लेला उंदीर भक्षकाच्या पोटातही विष पोहोचवितो. माळावर तरंगणारा पक्षी कोण, हे विद्यार्थ्याने नीट ओळखले, तर त्या माळाचे मोलही त्यास उमगेल.