शेतात चालणारा कृत्रिम पाय : निवड आणि निगा

मळणी यंत्र, ट्रॉलीचा अपघात किंवा मधुमेहात चिघळलेली जखम यामुळे पाय कापावा लागलेला एखादा शेतकरी आपल्याही गावात असेल. पुष्कळदा अशा घरातील जमीन बटाईने जाते आणि कर्ता माणूस ओट्यावर बसून राहतो. वास्तविक गुडघ्याखाली पाय गेलेला, एरवी धडधाकट असलेला शेतकरी योग्य कृत्रिम पाय लावून पाणी धरणे, खुरपणी, जनावरांची देखभाल अशी कामे करू शकतो. मात्र पाय शेतीला साजेसा हवा आणि त्याची निगा रोज घ्यायला हवी.

जयपूर फूट म्हणजे काय ?

पूर्वी मिळणारे परदेशी पद्धतीचे पाऊल बुटात घालण्यासाठी बनविलेले असे. त्याचा घोटा ताठ असल्याने उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे आणि चिखलात बूट टिकत नसे. ही अडचण ओळखून जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा व अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी नवे पाऊल तयार केले. यात टाच व पुढचा भाग स्पंज रबराचा आणि घोट्याजवळ लाकूड असते. त्यावर रबर व टायरचे दोरे गुंडाळून साच्यात भाजतात. हे पाऊल सर्व बाजूंना लवते. अनवाणी आणि पाण्यातही चालता येते.

पायाचा उरलेला भाग ज्यात बसतो त्या सॉकेटसाठी एचडीपीई पाईप वापरतात. तुषार सिंचनाचे पाईप याच प्लॅस्टिकचे असतात. पाईप तापवून प्रत्येकाच्या मापाच्या साच्यावर चढवितात.

पाय बसविण्यापूर्वी

जखम भरल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने लवचिक पट्टी बांधावी, म्हणजे सूज उतरते. आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवू नये. त्यामुळे गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि पुढे चालणे अवघड होते.

शेतात घ्यावयाची काळजी

१) पहिल्या दिवसांत थोडा वेळ, सपाट जागेवर चालावे. नंतर बांध व सऱ्यांवर जावे.

२) आत सुती मोजा घालावा व तो रोज धुवावा. घामाने ओला झाल्यास दुपारी बदलावा.

३) सायंकाळी उरलेला पाय साबणाने धुऊन कोरडा करावा आणि आरशात पाहावा. लाली, फोड किंवा जखम दिसल्यास ती बरी होईपर्यंत कृत्रिम पाय घालू नये. मधुमेह असणाऱ्यांनी विशेष जपावे, कारण त्यांना वेदना जाणवतेच असे नाही.

४) पाय सैल किंवा घट्ट झाल्यास केंद्रात जाऊन दुरुस्त करून घ्यावा. चिंध्या कोंबून काम भागवू नये.

५) चिखल धुऊन पाय सावलीत वाळवावा. चुलीजवळ ठेवू नये, उष्णतेने सॉकेटचा आकार बिघडतो. डिझेल व ऑईलने रबर खराब होते.

पाय कोठे मिळतो ?

जयपूर येथील भगवान महावीर विकलांग सहाय्यता समिती १९७५ पासून हे पाय विनामूल्य बसविते. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेतही कृत्रिम अवयवांची सोय आहे. शासकीय सवलतींसाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढावे. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. अपघातात पाय गेला असल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेबाबत तालुका कृषि अधिकाऱ्यांकडे विनाविलंब चौकशी करावी. या योजनेत एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात.

पाय गेल्यावर जितके महिने बसून जातात तितके अंगातले बळ आणि सांध्यांची हालचाल कमी होते. म्हणून जमीन बटाईने देण्याचा विचार करण्याआधी एकदा पायाचे माप देऊन यावे.