सामाईक भिंतीची ओल
कागलसारख्या गांवांत जुनीं घरें एकास एक लागून असल्यानें मधली भिंत बहुधा सामाईक असते. पावसाळा सरल्यावरहि तिच्या पायथ्याशीं ओल राहून लोणा फुटत असेल, तर तें पाणी छपराचें नसून जमिनींतून विटामातीच्या सूक्ष्म छिद्रांवाटे वर चढलेलें असावें. पुष्कळजण तीस सिमेंटाचा गिलावा करितात; पण ओल त्यामागें कोंडून अधिकच वर चढते. आमच्या मतें, प्रथम जोत्यालगतचा उकिरडा काढून पागोळ्यांचें व मोरीचें पाणी दूर न्यावें. शेजाऱ्यानेंहि तसेंच करावें; एकट्याचे श्रम व्यर्थ जातात. मग सिमेंट खरवडून भिंत सुकूं द्यावी व चुन्याचा गिलावा करावा. त्यांतून ओल बाहेर पडते. सुकण्यास कित्येक महिने लागतात. तोंवर धान्याचीं पोतीं भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर रचावीं. नाहीं तर शेतांत राखलेलें पीक घरांत बुरशीनें जावयाचें.