खर्ज कुठे वाजतो?

येत्या ३० जुलैला पं. वसंतराव देशपांडे यांचा स्मृतिदिन. नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये त्यांच्या नावाचं सभागृह आहे, तिथले जुळलेले तंबोरे आपण अनेकदा ऐकतो. घरी रियाजाला बसलेली मुलं मात्र मोबाइलवरचा तंबोरा लावतात, आणि खरं नवल त्यातच आहे.

काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्यात खर्जाची तार सेकंदाला साधारण ६९ कंपनं करते. मोबाइलच्या इवल्या स्पीकरला इतका खालचा सूर पेलत नाही, तरीही खर्ज ऐकू येतो! तारेतून मूळ सुरासोबत दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही निघतात. १३८, २०७, २७६ ही मंडळी कानात पोचली की त्यांचं मूळ ६९ आहे हे मेंदू ताडतो आणि न वाजलेला सूर ऐकवतो. कानाच्या आतल्या शंखात हे उपस्वर आपापल्या जागी वेगळे होतात. त्यांची मोट पुन्हा बांधतो तो मेंदू. मार्मोसेट माकडांच्या मेंदूत २००५ मध्ये अशा पेशी सापडल्या, ज्या मूळ सुराला आणि त्याच्या नुसत्या उपस्वरांनाही दाद देतात.

पाचपट कंपनांचा उपस्वर म्हणजे आपला स्वयंभू गंधार. कुठलीही तार त्यात मिळवलेली नसते, पण तारेखालचा दोरा सरकवून जवारी नीट लावली की तो स्पष्ट उमटतो. या जवारीचं मोल ओळखलं सी. व्ही. रामन यांनी. वित्त खात्याच्या नोकरीत १९१० मध्ये ते काही काळ नागपुरातही होते. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुपटीचा उपस्वर उमटू नये, असा पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा नियम. तंबोऱ्यात तो खणखणीत वाजतो. पसरट, बाकदार घोडी आणि तारेखालचा दोरा यांची ती करामत, असं रामन यांनी १९२१ मध्ये एका निबंधात मांडलं. मला हा निबंध त्यांच्या नोबेलइतकाच प्रिय आहे.

ही करामत स्वतः तार जुळवतानाच उमगते. म्हणूनच मोबाइलवरचा आयता जुळलेला तंबोरा मुलांना पुरेसा नाही, असं मी आग्रहाने म्हणेन. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो विदर्भातल्या प्रत्येक संगीत वर्गात निदान एक तरी हवा, आणि तो मुलांनीच जुळवायला हवा. जोडाच्या, म्हणजे एकाच सुरात मिळवायच्या, दोन तारांत सेकंदाला दोन कंपनांचा फरक असला तर सेकंदाला दोन लाटा ऐकू येतात. मणी सरकवत त्या लाटा मंदावताना ऐकणं, हीच सुराची पहिली तालीम.